दुखत नाही, मग दातांच्या डॉक्टरकडे कशाला?

"डॉक्टर, वरची दाढ काढली की नजर कमी होते म्हणतात. खरं का?"

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही दंतवैद्याकडे हा प्रश्न आजही येतो. विचारणाऱ्या बहुतेकदा साठीपुढच्या आजी असतात, नाहीतर त्यांना घेऊन आलेली सून त्यांच्या वतीने विचारते. दाढ पार पोखरलेली असते, हिरडीला गळू आलेलं असतं, रात्र रात्र झोप नसते. तरी ती काढून घ्यायला मन धजत नाही, कारण भीती डोळ्यांची.

उत्तर सरळ आहे. पाहण्याची नस डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. वरच्या दातांना जी नस पोहोचते ती चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळवणाऱ्या नसेची फांदी आहे. पाहण्याशी तिचा संबंध नाही. मग हा समज इतका घट्ट का बसला? कारण दाढा काढण्याची वेळ ज्या वयात येते, त्याच वयात मोतीबिंदूही पिकतो. दाढ काढली आणि वर्षभरात अंधुक दिसायला लागलं, असं दोन-चार घरांत घडलं की गावाला पुरावा मिळतो. या समजापायी लोक कुजलेली खुंटं वर्षानुवर्षं तोंडात बाळगतात, आणि वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला अगदी लागून असल्यामुळे तिथला पू त्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, पोहोचू शकतो. धोका आहे तो असा, दाढ तोंडात ठेवण्यात.

या प्रश्नाला हसू नये. आजींनी तो विचारला हे चांगलंच झालं. न विचारता घरी परत जाणाऱ्या माणसाची दाढही जाते आणि भीतीही तशीच राहते.

शहरातल्या पाट्यांवर आता 'फॅमिली अँड कॉस्मेटिक डेंटल क्लिनिक' असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकाच खुर्चीत सकाळी आजोबांची कवळी, दुपारी शाळेतून आलेल्या मुलाची किडलेली दाढ आणि संध्याकाळी लग्न ठरलेल्या मुलीचे दात पांढरे करणं. तिघांचे प्रश्न वेगळे, पण उत्तरं शोधत गेलं की ती एकाच जागी येऊन पोहोचतात: या उपायानंतर माझा मूळचा दात किती शिल्लक राहील? हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. दातावरचं चमकदार कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते मात्र गेलं की गेलं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपून जातात. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ, आणि तोच परत तयार होत नाही. दातांच्या उपचाराबद्दलचा शहाणपणाचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर उभा आहे.

*

सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रश्न डॉक्टरला विचारलाच जात नाही. तो घरात विचारला जातो. "दुखत नाहीये ना? मग कशाला जायचं?"

इनॅमलमध्ये नस नसते, म्हणून त्याला भोक पडत असताना काहीही दुखत नाही. आपण गोड किंवा पिठूळ खातो, दातांवर साचलेल्या थरातले जंतू त्यातून आम्ल तयार करतात, आणि तिथला सामू साडेपाचच्या आसपास किंवा त्याखाली गेला की कवचातली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ ते आम्ल हळूहळू सौम्य करते आणि थोडी खनिजं परत बसवते. झीज आणि भरपाई, असं दिवसभर चालू असतं. म्हणून एकदा जेवणानंतर खाल्लेल्या लाडवापेक्षा दर तासाला चघळलेली गोळी किंवा दर अर्ध्या तासाने घेतलेला गोड चहाचा घोट दाताला जास्त घातक. लाळेला भरपाई करायला उसंतच मिळत नाही. दिवाळीच्या फराळाबद्दल आई-वडील हमखास विचारतात, त्यांनाही हेच सांगायला हवं. करंजी जरूर खा, पण जेवणाच्या वेळी. डबा समोर ठेवून दिवसभर नको.

कवच फुटून कीड आतल्या थरात गेली की थंड पाण्याने कळ येते, गोडाने दात शिवशिवतो. लोक म्हणतात, "जरा आंबलाय, जाईल." या टप्प्यावर आलेल्या माणसाचं काम एका बैठकीत, थोडं खरवडून आणि सिमेंट भरून होतं. तो येत नाही. मग कीड दाताच्या गाभ्याला भिडते, आणि रात्री आडवं झालं की ठणका सुरू होतो. तेव्हा धावपळ. भरण्याचं काम रूट कॅनालवर गेलं, रूट कॅनालनंतर कॅप आली. तेही टाळलं तर दाढ काढणं, आणि काढल्यावर रिकाम्या जागेचा प्रश्न. प्रत्येक पायरीवर खर्च वाढतो आणि मूळचा दात कमी होतो. दुखणं ही दाताच्या आजाराची फार उशिरा आलेली बातमी असते, हे एवढं घराघरात पोहोचलं तर निम्म्या खुर्च्यांवरचं रडणं थांबेल.

मधल्या काळात घरी जे केलं जातं त्याबद्दलही विचारलं जातं. लवंगेचं तेल चालतं का? चालतं. त्यातल्या युजेनॉलने ठणका काही वेळ बसतो. दंतवैद्य तात्पुरतं जे सिमेंट भरतात त्यातही ते असतं. पण कापसाचा बोळा दातात ठेवावा, हिरडीवर तेल ओतू नये, तिथे भाजतं. दुखऱ्या जागी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारे लोक अजून आहेत. त्याने गालाच्या आतलं कातडं अक्षरशः जळून पांढरं पडतं. आणि मेडिकलवरून आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या? सूज उतरते, कारण तसंच राहतं. खालच्या दाढांचा पू जबड्याखाली आणि मानेत पसरला तर श्वास अडकण्यापर्यंत वेळ येते. गालाच्या सुजेबरोबर ताप आला, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास झाला, तर ती रात्र घरी काढू नये.

*

मुलांच्या बाबतीत आई-वडिलांचा ठरलेला प्रश्न असतो: "दुधाचे दात पडणारच आहेत, मग ते कशाला भरायचे?"

पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांचं असताना पडतात हे खरं. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे सहा-सात वर्षं दुखण्याची सोय. मूल एका बाजूने खातं किंवा खातच नाही. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट राहत नाही. बारा-तेराव्या वर्षी तारा लावायची वेळ येते त्यातली काही प्रकरणं इथे सुरू झालेली असतात.

यापेक्षाही मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. त्या वेळी दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, चार नव्या दाढा येतात. काहीच पडलं नाही म्हणून घरच्यांना वाटतं, याही दुधाच्याच. त्या पक्क्या असतात. आयुष्यभर चावण्याचा सगळ्यात मोठा भार त्यांनीच उचलायचा असतो. त्यांच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात, मुलाचा ब्रश तिथवर पोहोचत नाही, आणि दहा वर्षांच्या आत त्या पोखरल्या जातात. "ही तर पडणारच आहे" असं म्हणत आई मुलाला घेऊन येते आणि ती दाढ आता आयुष्यभर परत येणार नाही हे तिला तिथे कळतं. तो क्षण वाईट असतो, आणि तो सहज टाळता येतो. सहा वर्षांचं मूल घरात असेल तर आज रात्री टॉर्च लावून त्याच्या तोंडात मागे पाहा. दाढ आलेली असेल तर तिच्या खाचा सीलंटने बुजवून घ्या. त्यात दात कोरावा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही.

बाळाला पहिल्यांदा कधी न्यायचं? पहिला दात आला की, वर्षाच्या आत. उपचाराची गरज म्हणून नव्हे. आईला ब्रश कसा धरायचा, बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवायचं का नाही, हे दाखवून द्यायला. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते तेवढी मोठ्यांनाही लागत नाही. आणि खेळताना पक्का दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता उचलावा, दुधात टाकावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दवाखाना गाठावा. तो परत बसवता येतो. हे शाळेच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत असायला हवं.

*

"क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात. आमच्या शेजारच्या काकांचे हललेत."

हा समज सुशिक्षित घरांतही भेटतो आणि त्याच्या मुळाशी खरोखर घडलेला अनुभव असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. दातांवरचा मऊ थर वेळेवर निघाला नाही तर लाळेतल्या खनिजांनी तो दगडासारखा घट्ट होतो. हे कीटण ब्रशने निघत नाही. ते हिरडीच्या खाली उतरत जातं, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं. रक्त येतं म्हणून माणूस तिथे ब्रश लावायचा सोडून देतो, आणि कीटण आणखी वाढतं. दाताला धरून ठेवणारं हाड त्याच्या आड मुकाट्याने झिजत असतं. काही वर्षांनी परिस्थिती अशी येते की हाड निम्मं गेलेलं आहे आणि दोन दातांमधला दगडच त्यांना एकमेकांना जखडून ठेवतो आहे. त्या अवस्थेत सफाई केली की दगड निघतो, सूज उतरून हिरडी आक्रसते, फटी दिसतात, थंड लागतं आणि दात हलतो. दात आधीच सुटलेला होता. सफाईने ते उघड केलं. सफाईचं यंत्र सेकंदाला पंचवीस हजारांहून अधिक सूक्ष्म कंपनं करून दगड फोडतं, दात तासत नाही. पण शेजारच्या काकांना सफाईआधी कुणी एक्सरे दाखवून हे समजावलं होतं का? नसेल, तर त्यांच्या रागात तथ्य आहे. हे सांगणं डॉक्टरचं काम आहे.

मधुमेह्यांनी इथे विशेष जागं राहावं. साखर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांचा आजार चिघळला की साखर आटोक्यात येत नाही. दोन्ही बाजूंनी ओढाताण. मधुमेहाच्या डॉक्टरकडे नियमित जाणारी, पण दातांच्या डॉक्टरचं तोंडही न पाहिलेली कितीतरी माणसं आपल्या नात्यात सापडतील.

*

रूट कॅनालची भीती ऐकीव गोष्टींवर पोसलेली आहे. "फार दुखतं म्हणे." बधिर करण्याचं औषध नीट लागलं की बहुतेकांना दाब आणि कंप यापलीकडे काही जाणवत नाही. अमेरिकेत हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ साली नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. भूल देऊन वेदना थांबवण्याच्या इतिहासातली सुरुवातीची पानं दंतवैद्यांनीच लिहिली आहेत. आज खुर्चीत टोचतात ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं आणि काही वर्षांत जगभर पोहोचलं. मात्र एक अपवाद खराच आहे. गाभा अतिशय चिडलेला असेल, विशेषतः खालच्या दाढेत, तर औषध कमी चढतं आणि पुन्हा टोचावं लागतं. "सात रात्री गोळ्या खाऊन काढल्या आणि मग आलो" असं सांगणाऱ्याला याचा त्रास होतो. अशा वेळी डॉक्टरला हात वर करून थांबवायचा पूर्ण हक्क रुग्णाला आहे. दुखत असताना सहन करत बसण्यात काही मोठेपणा नाही.

यात नेमकं करतात काय? दाताच्या गाभ्यातली सडलेली नस काढतात, मुळांच्या आतल्या केसाएवढ्या वाटा साफ करतात आणि त्या झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या गट्टापर्चा नावाच्या पदार्थाने भरतात. खालच्या दाढेत अशा तीन-चार वाटा असतात, वरच्या पहिल्या दाढेतली चौथी वाट तर पुष्कळदा लपून बसलेली असते. म्हणून वेळ लागतो, म्हणून अधूनमधून एक्सरे लागतो. त्या छोट्या एक्सरेचं किरणोत्सर्जन आपल्याला जमिनीतून आणि आकाशातून वर्षभरात सहज मिळणाऱ्या मात्रेच्या तुलनेत अगदीच किरकोळ असतं.

खरी फसगत होते ती अर्ध्यावर. पहिल्या बैठकीत नस निघते आणि दुखणं पूर्ण थांबतं. रुग्ण परत येत नाही. वरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आणि जंतू आत उतरतात, आणि वर्षभराने तोच दात काढावा लागतो. काम पूर्ण झाल्यावरही "कॅपचा खर्च पुढच्या महिन्यात" म्हणत पोकळ झालेल्या दाढेने लोक सुपारी फोडतात, दाढ उभी चिरते, आणि उभी चीर गेलेली दाढ कुणालाच वाचवता येत नाही. पैशाची अडचण असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगावी. एकूण खर्च किती, किती बैठका, कॅप कोणत्या धातूची किंवा सिरॅमिकची, स्वस्त पर्याय कोणता, हे विचारण्यात संकोच कसला? मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३पासून आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे वेळ जास्त लागतो, विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, पण खासगीच्या मानाने खर्च फारच कमी येतो. अर्धवट सोडलेल्या महागड्या उपचारापेक्षा तिथे पूर्ण केलेला उपचार केव्हाही चांगला.

"उपाशीपोटी यायचं का?" हाही नेहमीचा प्रश्न. नाही. फक्त जागा बधिर करायची असेल तर व्यवस्थित खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन यावं. मधुमेह्यांनी तर नक्कीच. खुर्चीत येणारी चक्कर बरेचदा रिकाम्या पोटाची आणि धास्तीची असते.

गोळ्यांवरून आठवलं. दाताच्या डॉक्टरला हृदयाच्या गोळ्यांशी काय करायचंय, असं समजून लोक त्या सांगत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगायलाच हवी, आणि स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही. दात काढल्यावर येणारं रक्त दाबून थांबवता येतं, गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत झालेली गुठळी तशी थांबवता येत नाही. हृदयाची झडप बदललेली असेल तर काही उपचारांआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून काही बायकांना आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांचं इंजेक्शन चालू असतं. त्यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. आणि गरोदर स्त्रियांना घरातून सांगितलं जातं, आता नऊ महिने दाताला हात लावायचा नाही. त्याबरोबर दुसरंही सांगितलं जातं, की प्रत्येक बाळंतपणाला एक दात जायचाच, बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं. बाळ दातातून काही घेत नाही. त्या काळात हिरड्या सुजतात, उलट्यांचं आम्ल दातांवर येतं, खाण्याच्या वेळा बदलतात; त्यातून दात बिघडतात. उलटीनंतर लगेच ब्रश न करता आधी खळखळून चूळ भरावी. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा, आणि पू किंवा ठणका असेल तर कुठल्याही महिन्यात डॉक्टरकडे जावं.

*

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि दवाखान्यात वेगळी गर्दी होते. "पंधरा दिवसांवर लग्न आहे, दात पांढरे करून द्या." मोबाइलवर एखाद्या नटीचं हसू दाखवलं जातं.

निरोगी दात मुळात शुभ्र नसतो. इनॅमल थोडं पारदर्शक, आतला थर पिवळसर. वय वाढतं तसा तो अधिक गडद दिसतो. चहा, पान, तंबाखूचे डाग वरवरचे असतात आणि साध्या सफाईने निघतात. पुष्कळांना तेवढंच हवं असतं, हे त्यांना सफाई झाल्यावर आरशात पाहून कळतं. त्यापुढची पायरी ब्लीचिंगची. त्यात पेरॉक्साइडचं औषध दातातला रंग फिका करतं, दात कोरावा लागत नाही. काही दिवस थंड-गरम लागतं, परिणाम कायमचा राहत नाही, आणि आधी बसवलेल्या कॅपचा किंवा सिमेंटचा रंग मुळीच बदलत नाही. म्हणून आधी ब्लीचिंग, मग साधारण दोन आठवड्यांनी त्या रंगाला जुळणारं काम, हा क्रम. पार्लरमध्ये हे करून घेऊ नये. तिथे हिरडी आणि कीड तपासणारं कुणी नसतं. कोळशाच्या भुकटीने दात घासू नयेत, त्याने कवचच घासलं जातं आणि खालचा पिवळा थर आणखी वर येतो.

खरा विचार करायचा तो व्हेनिअरच्या, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्याच्या, वेळी. १९३०च्या आसपास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर पातळ पापुद्रे चिकटवून देत. चित्रीकरण संपलं की ते काढून ठेवायचे, कारण पक्कं चिकटवण्याची युक्तीच तेव्हा नव्हती. १९५५ साली मायकल ब्युनोकोर यांनी दातावर सौम्य आम्ल लावून पृष्ठभाग खरखरीत केला की राळ त्याला घट्ट धरते हे दाखवलं, आणि आजचं बहुतेक सगळं सौंदर्याचं दंतकाम त्या एका शोधावर उभं आहे. त्याचा सर्वोत्तम उपयोग कोणता? तुकडा उडालेला दात, दोन दातांतली फट, वाकडी कड हे सगळं जवळजवळ काहीही न कोरता कंपोझिट नावाच्या राळेने भरून काढता येतं. सिरॅमिकच्या व्हेनिअरसाठी बहुतेकदा पुढच्या पृष्ठभागाचा पाऊण मिलिमीटरपर्यंतचा थर काढतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तिथलं इनॅमलच जेमतेम तेवढं असतं. आणि व्हेनिअर जन्मभर टिकत नाही. दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागतं. बावीस वर्षांच्या मुलीने आठ निरोगी दात कोरून घेतले तर साठीपर्यंत तिला ते काम दोन-तीनदा नव्याने करावं लागेल, आणि प्रत्येक वेळी मूळचा दात थोडा कमी होईल. वाकडे दात सरळ दिसावेत म्हणून ते कोरून त्यावर कॅपा बसवणं तर माझ्या मते सरळ सरळ चूक आहे. तारा किंवा अलाइनर लावून दीड-दोन वर्षांत तेच दात, न कोरता, जागेवर येतात. त्याला वयाची अट नाही, हिरडी आणि हाड चांगलं हवं. लग्न पंधरा दिवसांवर असेल तर सफाई करून घ्यावी आणि फोटोत हसावं. सहा महिने हाताशी असतील तर सावकाश बोलावं.

सौंदर्याचे उपचार घ्यायला येणाऱ्या एका वर्गाबद्दल मात्र मनात कुठलीही शंका नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विंधण विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये, असं आपलं मानक सांगतं. साधारण आठ वर्षांपर्यंत पक्क्या दातांचं कवच घडत असतं, तेव्हा असं पाणी पोटात गेलं की दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. ते बाहेरून लागलेले नसतात, म्हणून घासून निघत नाहीत. अशा गावातून पुण्यात शिकायला आलेली मुलगी तोंडावर हात ठेवून हसते. "ब्रश करत नाहीस का?" हे तिने शाळेपासून ऐकलेलं असतं. तिला आधी सांगायला हवं, की यात तुझ्या स्वच्छतेचा काही दोष नाही, दोष पाण्याचा आहे. मग ब्लीचिंग, वरचा थर अगदी हलका घासणं, कंपोझिट, आणि फार खोल डाग असतील तर व्हेनिअर, या क्रमाने पुष्कळ काही करता येतं. सौंदर्याच्या उपचाराला चैन म्हणणाऱ्यांनी या मुलींना एकदा मोकळेपणी हसताना पाहावं. आणि त्या गावांतल्या आजच्या तान्ह्या मुलांना शुद्ध केलेलं पाणी मिळतं का, हे विचारावं. कारण तिथे तोच खरा उपचार आहे.

*

दात गेलाच तर? कवळी, ब्रिज आणि इम्प्लांट, तिन्ही पर्याय आहेत. ब्रिजसाठी बाजूचे दोन चांगले दात कोरावे लागतात. इम्प्लांटमध्ये हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. स्वीडनमधल्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना सशाच्या हाडातलं टायटॅनियमचं उपकरण हाडाशी एकजीव होऊन निघेनासं झालेलं दिसलं, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात ते वापरलं. उपाय उत्तम आहे, पण खर्चिक आहे. बेसुमार मधुमेह आणि तंबाखू असेल तर तो फसण्याची शक्यता वाढते. चांगली बसलेली कवळी ही कमीपणाची गोष्ट नाही. फक्त ती रात्री काढून पाण्यात ठेवावी, आणि सैल झाली की बाजारातून आणलेल्या चिकटवणीवर वर्षं काढू नयेत. रस्त्याकडेला बसून दात लावून देणाऱ्यांपासून दूर राहावं. ते कच्च्या प्लॅस्टिकने नवा दात शेजारच्या दातांना कायमचा चिकटवतात, आणि वर्षभरात ते शेजारचेही जातात. दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक विचारणं हा तुमचा हक्क आहे.

शेवटचा प्रश्न डॉक्टर विचारतात आणि उत्तर चुकीचं मिळतं. "तंबाखू खाता का?" "नाही." "मिश्री?" "हो, ती लावते ना, सकाळ-संध्याकाळ." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे सुमारे २७ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळले, आणि त्यातले बहुतेक ती धुराविना, म्हणजे तोंडात ठेवून वापरतात. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकत घेऊन हातावर एकत्र केली जाते. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली तिला कर्करोगकारक ठरवलं. सुपारीने गालाचं आतलं कातडं ताठर होत जातं. तुमच्या तोंडात तुमचीच तीन बोटं उभी मावतात का ते पाहा. मावत नसतील, तिखट अजिबात सोसत नसेल, गालात किंवा जिभेच्या कडेला पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा एखादा व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, तर तो दुखत नसला तरी लगेच दाखवा. मुखाचा कर्करोग सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप असते, आणि तो शोधायला दंतवैद्याला आरसा, उजेड आणि दोन मिनिटं पुरतात.

घरात आई, मावशी, सासूबाई, कुणी मिश्री लावत असेल तर त्यांना एकदा जवळच्या दंतवैद्याकडे घेऊन जा. आणि त्या सांगायला लाजल्या, तर मिश्रीचं तुम्ही सांगा.